उंदीरमामांची जास्तीची फेरी

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी मामा दारावर बोटाने दोनदा टकटक करतात. आतून कोणी 'या' म्हणेल अशी शक्यता नसते. आत फक्त पांढरे उंदीर असतात, पारदर्शक पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये. संस्थेत नव्याने आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसलं की तो ठरलेला विनोद करतो. "काय मामा, आत कोणी कपडे बदलतंय का?" मामा हसत नाहीत आणि चिडतही नाहीत. "दार एकदम उघडलं की दचकतात," एवढंच म्हणतात आणि कडी हळूच खाली करतात.

संस्थेत मेंदूवर संशोधन चालतं आणि मामा तिथल्या प्राणिगृहात कामाला आहेत. भुस्सा बदलायचा, खाद्य भरायचं, पाण्याच्या बाटल्या बदलायच्या, खोली गार किंवा गरम होत नाही ना ते बघायचं, एखादं जनावर मलूल दिसलं तर वर कळवायचं. त्यांच्या पदाला एक लांबलचक नाव आहे, ते पगाराच्या कागदाबाहेर कोणी वापरत नाही. पाठीमागे सगळे त्यांना उंदीरमामा म्हणतात आणि समोर नुसतं मामा. त्यांना खरे भाचे दोन आहेत. ते परदेशात असतात आणि मामाला फारसे ओळखत नाहीत.

घरचं जुनं नाव वेगळं होतं. मोठी बहीण त्यांना दचक्या म्हणायची, अजूनही म्हणते. शाळेत पोरं कागदी पिशवी फुगवून त्यांच्या कानामागे फोडत, आणि हा मुलगा असा उडे की पोरांचे पैसे वसूल होत. दचकतात सगळेच. मामांचं वेगळेपण असं की दचकल्यावर ते लवकर खाली येत नाहीत. सकाळी रस्त्यात कोणी कर्कश हॉर्न वाजवला तर दुपारी डबा उघडताना झाकण हातातून निसटतं. कोणी आवाज चढवून बोललं तर ते बोलणारा विसरून जातो, मामांच्या छातीत मात्र संध्याकाळपर्यंत इंजिन चालू राहतं. तरुणपणी ते छापखान्यात होते. यंत्रांचा खडखडाट त्यांना चालायचा, कारण तो सारखा असतो. फोरमनचं ओरडणं सारखं नसायचं. तिथून ते कापडाच्या गोदामात गेले, तिथून एका शाळेत शिपाई झाले. शाळेची घंटा त्यांनाच वाजवायला लागायची, आणि स्वतः वाजवलेल्या घंटेलाही ते दचकत. हे ते स्वतःच सांगतात, न हसता. म्हणून ऐकणाऱ्याला जास्त हसू येतं.

लग्न झालं होतं. बायको वाईट नव्हती. तिला माणसं लागत, रेडिओ लागे, शेजारणींशी दारात उभं राहून मोठ्याने बोलणं लागे. हातातून ताट पडलं की नवरा तासभर गप्प बसतो, याचा अर्थ तो आपल्यावर रागावलाय असं तिला वाटायचं. तो रागावलेला नसायचा, नुसता थांबलेला असायचा. दोघांनाही हे एकमेकांना समजावून सांगता आलं नाही. एकदा ती आईकडे गेली आणि मग तिथेच राहिली. भांडण असं झालंच नाही.

आता मामा तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहतात. लिफ्ट आहे, पण तिचं दार आपटतं म्हणून ते जिना चढतात. खुर्च्यांच्या पायांना त्यांनी जाड कापडाचे तुकडे चिकटवलेत. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी आहे. दारावरची बेल त्यांनी काढून टाकली. येणाऱ्याने आधी फोन करावा अशी कल्पना होती. मग फोनचा आवाजही बंद केला. आता ते संध्याकाळी फोन उचलून बघतात की दिवसभरात कोणी आठवण काढली का. बहुतेक वेळा विम्याच्या कंपनीने काढलेली असते.

प्राणिगृह त्यांना मानवलं, याचं कारण साधं आहे. तिथे सगळ्यांनी हळू बोलायचं असा नियम आहे. धावायचं नाही, दार आपटायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा, सुगंधी तेल लावून यायचं नाही. दिवे ठरल्या वेळी आपोआप लागतात आणि आपोआप जातात. आत हवेच्या यंत्राचा एकसुरी आवाज असतो, भुश्शाचा वास असतो आणि त्याखाली उंदरांच्या मुताचा थोडा तिखट वास. नवीन माणसाला तिथे कोंडल्यासारखं होतं. मामांच्या छातीतलं इंजिन तिथे बंद पडतं. आयुष्यात अशी जागा त्यांना ही एकच सापडली. ती जाऊ नये एवढीच त्यांची नोकरीकडून अपेक्षा होती.

मग मॅडम आल्या. त्या दुसऱ्या संस्थेतून आपला प्रयोग घेऊन आल्या होत्या, आणि सोबत त्यांची एक विद्यार्थिनी होती. मॅडम मोजकं बोलत. विद्यार्थिनीचं तोंड मात्र सुरू झालं की थांबत नसे, आणि प्राणिगृहात हळू बोलायचं असल्यामुळे ती सगळं कुजबुजत बोलायची. त्यामुळे तिची साधी माहितीही चहाडीसारखी वाटे.

"मामा, हे बघा," तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "अगदी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना आपण एक सुई देणार. तिच्यात जंतू नाहीत, मेलेल्या जंतूंच्या कवचाचा अंश आहे. शरीराला वाटतं, जंतू आले. ते दाह उठवतं. ताप येतो, पिल्लू मलूल होतं आणि एकदोन दिवसांत बरं होतं."

"मग देता कशाला?"

"पुढे काय होतं ते बघायला. आपण घाबरलो की रक्तात ताणाचं संप्रेरक सुटतं. सुटायलाच हवं, त्याशिवाय पळणार कसं? पण ते थांबायलाही हवं. मेंदूत त्याला पकडणाऱ्या जागा असतात. ग्राही म्हणतात त्यांना. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूचा एक भाग आहे, तिथे पुष्कळ असतात. तिथे संप्रेरक पकडलं गेलं की मेंदू खाली निरोप देतो, पुरे, आता बंद करा."

"आणि पकडलं नाही तर?"

"तर निरोप उशिरा जातो. आमचं म्हणणं असं की तान्हेपणी दाह झाला तर हे ग्राही कमी बनतात. पिल्लू बरं होतं, मोठं होतं, दिसायला अगदी धडधाकट. पण घाबरलं की लवकर शांत होत नाही." ती थांबली. "काय झालं मामा?"

"काही नाही," मामा म्हणाले. "बाटली गळतेय वाटतं."

बाटली गळत नव्हती.

त्या रविवारी त्यांनी बहिणीला फोन केला. एरवी बहीणच करते, म्हणून ती आधी घाबरली.

"काय रे दचक्या, बरा आहेस ना? पडलाबिडलास का?"

"ताई, मी लहान असताना आजारी होतो का?"

"आजारी? अरे, तुझी आशाच सोडली होती सगळ्यांनी! बेंबी पिकली होती तुझी. आठ दिवसांचा होतास की दहा दिवसांचा, मला नक्की आठवत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची. विष सगळ्या अंगात गेलं म्हणाले डॉक्टर. महिनाभर काचेच्या पेटीत होतास."

"आणि आई?"

"आईला आत कोण सोडतंय! त्या वेळी नसत सोडत. ती बाहेरच्या खिडकीतून बघायची. नर्स यायची, दूध पाजायची, जायची. घरी आणलं तेव्हा कोणी उचललं की लाकडासारखा ताठ व्हायचास. मी आईला म्हटलं, हा आपला नाहीच, दुकानातली बाहुली दिलीय बदलून. थोबाडीत खाल्ली मी त्यावरून." बहीण हसली, मग म्हणाली, "पण आज हे काय मध्येच?"

"सहज."

"सहज फोन करायला लागलास? मग दर रविवारी कर ना."

मामांनी करतो म्हटलं. केला नाही.

प्रयोग सुरू झाला. प्रत्येक पिंजऱ्यावर रंगीत चिठ्ठी होती, काहींवर पिवळी, काहींवर निळी. कोणत्या रंगाच्या पिल्लांना खरी सुई आणि कोणत्यांना नुसतं मिठाचं पाणी, हे मामांना सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नाही. नियम एकच होता, पण कडक. सुया देऊन झाल्या की पहिले काही दिवस पिंजरा उघडायचा नाही. भुस्सा बदलायची वेळ आलीच तर लांब चिमट्याने वरचा थर काढायचा, घरट्याला धक्का लावायचा नाही, पिल्लाला हात तर अजिबात नाही.

मामा सकाळी सगळ्यांच्या आधी येतात. खोलीतल्या कामाच्या दोन फेऱ्या ठरलेल्या आहेत, एक आल्यावर आणि एक दुपारी. त्या दिवसांत त्यांनी आणखी एक फेरी सुरू केली. हातमोजे काढायचे, हात कोमट पाण्याखाली धरायचे, त्याच पिंजऱ्यातला थोडा मळका भुस्सा तळव्यांना चोळायचा म्हणजे आईला परका वास येत नाही, आणि मग एकेका घरट्यातली पिल्लं तळहातावर घ्यायची. पिल्लू म्हणजे करंगळीएवढा गुलाबी गोळा. डोळे मिटलेले, कान चिकटलेले. दोन्ही तळव्यांत थोडा वेळ ठेवायचं, परत घालायचं. जी गळून गेल्यासारखी दिसत, त्यांना जरा जास्त वेळ. आई पिंजऱ्याच्या कडेला उभी राहून हवेत नाक फिरवे. पिल्लं परत आली की ती त्यांच्यावर तुटून पडे आणि एकेकाला उलटंपालटं करून चाटत बसे.

बहिणीचा फोन आणि ही फेरी, यांचा संबंध मामांनी जोडला नाही. का केलं असं विचारलं तर ते आजही म्हणतात, पिल्लं गार लागत होती. आई जवळ असताना पिल्लं गार लागायचं खरं तर काही कारण नव्हतं.

पिल्लं मोठी झाली. विद्यार्थिनीने प्रत्येकाला थोडा वेळ अरुंद नळीत ठेवलं. उंदराला ते आवडत नाही, आणि तोच हेतू असतो. मग शेपटीच्या टोकातून रक्ताचे थेंब घेतले. संप्रेरक किती वर जातं आणि किती वेळात खाली येतं, हे त्यावरून कळतं. शेवटी मेंदूचे पातळ काप करून ग्राही मोजले. मग मॅडमनी रंगांचा उलगडा केला. निळे आणि पिवळे सारखेच निघाले. सगळे घाबरले होते आणि सगळे वेळेत शांत झाले होते. फरक जवळजवळ नव्हताच.

जुन्या संस्थेत मॅडमना हाच फरक स्वच्छ दिसला होता. त्याच्या जोरावर त्यांना इथे जागा आणि अनुदान मिळालं होतं. त्यांनी खाद्य तपासलं, दिव्यांची वेळ तपासली, हवा तपासली. सगळं बरोबर होतं. उरली सुई. सुया सगळ्या विद्यार्थिनीने एकटीने दिल्या होत्या.

पिंजरे धुण्याची खोली प्राणिगृहाला लागूनच आहे. तिथे एक मोठं यंत्र आहे आणि ते चालवणारी एक बाई आहे, तिला सगळे मावशी म्हणतात. त्या दिवशी विद्यार्थिनी मावशीसमोर उलट्या बादलीवर बसून रडत होती. मामा भिंतीपलीकडे बाटल्या भरत होते.

"अगं, पण तू दिलीस ना सुई? मग झालं तर!"

"दिली हो मावशी. पिल्लं गळाली होती दुसऱ्या दिवशी, मी डोळ्यांनी पाहिलंय. मॅडम म्हणतात, दाह झालाच नाही. म्हणजे एक तर मला सुई देता येत नाही, नाही तर मी दिलीच नाही आणि खोटं सांगितलं."

"असं म्हणाल्या?"

"असं म्हणत नाहीत. नुसत्या बघतात."

"बघणारी माणसं वाईट. त्यापेक्षा चार शिव्या दिलेल्या परवडल्या. माझा नवरा बघ, एकदा तोंड सोडलं की झालं, जेवायला बसतो."

"दोन वर्षं गेली माझी. आता म्हणतात, दुसरा विषय बघ. नाहीतर दुसरी मॅडम बघ."

मामांनी नळ बंद केला. त्यांनी जे केलं होतं त्याचा या सगळ्याशी काही संबंध असेल असं त्यांना तोवर वाटलंच नव्हतं. सुई वेगळी, हात वेगळा. हाताने काय होतं? पण नियम मोडला होता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सांगितलं तर खोली जाणार, हेही माहीत होतं. मागे एकाने मोबाइल आत नेला होता, त्याला दुसऱ्या दिवशी मालाच्या फाटकावर पाठवलं होतं. तिथे दिवसभर ट्रक मागे येतात, शिट्ट्या वाजतात, पत्र्याचं शटर खाली आपटतं.

ते वर गेले. मॅडमच्या दारावर टकटक केली.

"बसा मामा."

"नको. मी पिल्लांना हात लावत होतो."

मॅडमनी मान वर केली. "कधी?"

"रोज. सकाळी. सुया झाल्यावरचे सगळे दिवस."

"हात लावत होता म्हणजे?"

मामांनी दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. मॅडमनी त्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं.

"मामा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. तान्ह्या पिल्लाला रोज थोडा वेळ आईपासून बाजूला घेऊन हाताळलं आणि परत ठेवलं, की आई त्याला जास्त चाटते. आणि जास्त चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत हेच ग्राही वाढतात. दाहाने जे कमी झालं असतं ते तुम्ही दुसऱ्या बाजूने भरून काढलंत. मी अख्खं प्राणिगृह तपासलं. हे कसं सुचलं नाही मला?"

"पोरीची चूक नाही," मामा म्हणाले.

"नाही. तिची नाही." मॅडमनी चष्मा परत लावला. "का केलंत?"

"गार लागत होती."

 मामा जायला वळले, दाराशी थांबले.

"मॅडम, एक विचारू? मोठेपणी हात लावला तर चालतो का?"

"कोणाला?"

"उंदरालाच."

 मॅडम खोटं बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. "उंदरात पहिल्या काही दिवसांत जो परिणाम होतो तो नंतर तसा होत नाही. थोडं काही बदलतं, पण ते वेगळं. माणसाचं मला माहीत नाही. माणसाचे असे पिंजरे लावून कोणी मोजलेलं नाही. तान्हेपणी आजारी पडलेली पुष्कळ माणसं अगदी शांत असतात आणि ज्यांना काही झालं नाही ती दचकतात. एका माणसाकडे बघून मी काही सांगणार नाही."

"बरोबर आहे," मामा म्हणाले.

संचालकांचं मत होतं की मामांना फाटकावर पाठवावं. मॅडमनी अडवलं, दयेपोटी नव्हे. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचा होता. नवा माणूस शिकवायला महिने गेले असते, आणि तो काय करतो आणि काय लपवतो हे कळलं नसतं. "मला असा माणूस हवा जो चुकला तर वर येऊन सांगेल," त्या संचालकांना म्हणाल्या. मामांना त्यांनी वर बोलावून सरळ विचारलं.

"पुन्हा तीच खोली, तेच काम. पण हात नाही. पिल्लू मरताना दिसलं तरी नाही. आम्हाला कळवायचं आणि थांबायचं. जमेल? नसेल जमत तर आत्ता सांगा, मी राग धरणार नाही."

"फाटकावर जावं लागेल?"

"हो."

"जमेल," मामा म्हणाले.

त्यांनी जमवलं. रोजच्या दोन फेऱ्या ते करत, चिमट्याने वरचा भुस्सा काढत, बाटल्या बदलत आणि बाहेर येत. जास्तीच्या फेरीच्या वेळी ते बाहेर स्टुलावर बसून राहत, हात पँटच्या खिशात घालून. मावशीने दोनतीन दिवस पाहिलं आणि मग तिला राहवलं नाही.

"काय मामा, खिशात काय लपवलंय? नोटा छापता का?"

"थंडी आहे."

"मेली कुठली थंडी! मी इथे वाफेत शिजतेय." मग ती यंत्र थांबवून त्यांच्याजवळ आली. तिला सगळी हकीकत कळलेली होती, त्या इमारतीत सगळ्यांनाच कळली होती. "एक सांगू का? आत जाऊन पाच मिनिटं हात लावलात तर कोणाला कळणार नाही. मी काही बोलणार नाही."

"कळेल," मामा म्हणाले. "मोजणार आहेत."

एका सकाळी एक पिल्लू घरट्याबाहेर पडलेलं होतं. बहुधा आईच्या आचळाला लटकत बाहेर ओढलं गेलं होतं आणि मध्येच सुटलं होतं. ते पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, उघड्यावर, पालथं पडून पाय हलवत होतं. गुलाबी रंग जाऊन निळसर झाला होता. आई घरट्यात बाकीच्यांवर बसून होती. मामांनी बाहेर येऊन फोनवरून विद्यार्थिनीला सांगितलं. तिने मॅडमना विचारलं. निरोप आला, हात लावू नका, आईवर सोडा.

मामा आत जाऊन पिंजऱ्यासमोर उभे राहिले. कडेवरची चिठ्ठी निळी होती, पण निळ्याचा अर्थ या वेळीही मामांना सांगितलेला नव्हता. पिल्लाच्या पायांची हालचाल मंदावत गेली. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही अशा आवाजात पिल्लं आईला हाका मारतात, असं विद्यार्थिनीने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे त्या क्षणी कदाचित खोलीत मोठा आक्रोश चालला असेल आणि मामांना हवेच्या यंत्राशिवाय काहीही ऐकू येत नसेल. बऱ्याच वेळाने आई उठली. तिने अंग खाजवलं, पाणी प्यायली, पिंजऱ्याला एक फेरी मारली आणि पिल्लाला तोंडात धरून घरट्यात नेऊन टाकलं. तिला कसली घाई नव्हती.

मामा बाहेर आले.  त्या खोलीतून बाहेर येताना छातीत इंजिन चालू आहे, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा घडलं; ते दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडलं.

काही महिन्यांनी विद्यार्थिनी धावत खाली आली. नियमाप्रमाणे ती दाराशी थांबली, पण तिला धड कुजबुजताही येत नव्हतं. तिच्या हातातल्या टॅबच्या पडद्यावर दोन रेषा होत्या. दोन्ही झपाट्याने वर चढलेल्या. एक लगेच उतरलेली, दुसरी वरच्या वर रेंगाळत लांबवर गेलेली.

"मामा, बघा! किती फरक! ही उतरतच नाहीये! ग्राहीही कमी, अगदी हवे तसे. आलं सगळं! तुमच्यामुळे आलं मामा."

"मी काय केलं?"

"काहीच नाही केलंत, म्हणूनच तर!" ती हसली. मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

मामा त्या रेंगाळलेल्या रेषेकडे बघत होते. "यात ते कोपऱ्यात पडलेलं पिल्लू कुठलं?"

"तसं नाही दिसत मामा. ही सगळ्यांची सरासरी आहे. एकेकटं पिल्लू यात नसतं."

"बरं. चांगलं झालं तुमचं," मामा म्हणाले. ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

शोधनिबंध छापून आला. त्यात शेवटी प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांचे आभार आहेत, एका ओळीत, नावाशिवाय. मामांची खोली राहिली. आणि मॅडमनी पुढचा प्रयोग आखला. आता पिल्लांचे तीन गट. एकाला नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्याला खरी सुई. तिसऱ्याला खरी सुई आणि नंतर रोज थोडा वेळ हाताळणं. मामांच्या चुकीतून निघालेला प्रश्न आता रीतसर विचारायचा होता. दाहाने झालेलं नुकसान स्पर्शाने खरंच भरून निघतं का, आणि किती?

मावशीला वाटलं, हाताळायचं काम अर्थातच मामांकडे येणार. तिने तसं बोलूनही दाखवलं. "आता काय, पगारी लाड!" विद्यार्थिनीलाही तसंच वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, नाही. "मामांना जे पिल्लू मलूल दिसेल, त्याला ते जास्त वेळ धरतील. त्यांनी नाही म्हटलं तरी धरतील. मला सगळ्यांना सारखं हवंय." हे त्या मामांच्या समोरच म्हणाल्या. मामांनी मान हलवली. त्यात चुकीचं काही नव्हतं.

तेव्हा ते काम विद्यार्थिनी करते. ती सकाळी येते, हातमोजे घालते, हातात वेळ मोजायचं घड्याळ घेते. त्या वेळी खोलीत एकच माणूस असायला हवा, म्हणून मामा बाहेर थांबतात. पहिल्या दिवशी तिने दार अर्धं उघडून विचारलं, "मामा, नुसतं धरायचं ना? की चोळायचं?"

"मॅडमनी काय सांगितलंय?"

"नुसतं धरायचं."

"मग नुसतं धरा."

ती आत गेली. मामा स्टुलावर बसून राहिले. पलीकडे मावशीचं यंत्र भरत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने विद्यार्थिनी बाहेर आली, हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि म्हणाली, "झालं मामा, जा तुम्ही आता."

मामा आत गेले. तिसऱ्या गटातल्या सगळ्या आया कामाला लागल्या होत्या. पिल्लांना पंजाखाली दाबून, उलटं करून, पोटापासून शेपटीपर्यंत चाटत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. मामांनी बाटल्या बदलल्या, खाद्य भरलं, तापमान बघितलं. काम संपल्यावर ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग दुपारच्या फेरीचा भुस्सा आणायला निघाले.